पस्तीस मिनिटांवरचा काल

सोमवार, ४ ऑगस्ट. आपिया

सकाळी डुकरांना खोबरं घालत होतो, तेवढ्यात पालेपाचा फोन आला. पालेपा माझी धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून पलीकडच्या बेटावर, पागो पागोला असते. माझा मुलगा सामासोनी तिच्याकडेच राहतो आणि तिथल्या माशांच्या कारखान्यात कामाला जातो.

"दादा, आधी खाली बैस," ती म्हणाली. मी बसलो नाही.

काल संध्याकाळी, म्हणजे आमच्या रविवारी आणि त्यांच्या शनिवारी, सामासोनी सलग दोन पाळ्या करून तिच्या गाडीनं घरी येत होता. पाऊस होता. बंदराच्या वळणावर एक माणूस कडेनं चालला होता, तो गाडीखाली आला. फिलेमोनी त्याचं नाव. सामासोनीच्याच कारखान्यातला. सामासोनीनंच त्याला उचलून इस्पितळात नेलं. अजून शुद्धीवर नाही.

फुआतिनोनं, माझ्या बायकोनं, ऐकलं आणि ती ओट्यावर मटकन बसली. मग म्हणाली, "तुम्ही आजच जा."

जा म्हणे. जायला काय, विमानाला पस्तीस मिनिटं लागतात. दीडशे किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. पण मध्ये समुद्रात ती वाराची रेघ आहे, इथून सोमवारी निघालेला माणूस तिथं रविवारी उतरतो. घड्याळाला हात लावावा लागत नाही, फक्त दिवस मागे जातो. आणि विमान तरी कसलं, पंख फुटलेली मिनीबस. मी आयुष्यात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा उतरल्यावर जमिनीचा मुका घ्यावासा वाटला.

मी तिला म्हणालो, तो माणूस शुद्धीवर येईल. तिकडे आज रविवार आहे, सगळं गाव त्याच्यासाठी प्रार्थना करत असेल. ती उठून माझी पिशवी शोधायला गेली.


बुधवार, ६ ऑगस्ट

फिलेमोनी गेला.

त्याचे दोन भाऊ होनोलुलूहून आधीच येऊन थांबले होते. पालेपा म्हणते दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात असले आहेत. पोलिसांनी सामासोनीचा जबाब घेऊन त्याला सोडलं, खटला पुढे चालेल, तारखेला हजर व्हायचं. पण भाऊ काही कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसणार नाहीत. पालेपानं त्याला तिच्या पाद्र्याच्या घरी ठेवलंय, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. आज दुपारी ते दोघं पाद्र्याच्या कुंपणाबाहेर उभे होते. उभे राहिले आणि गेले.

संध्याकाळी फाओलोकाका आले. आमच्या घराण्यातले सगळ्यात मोठे, चार माणसांत घराण्याच्या वतीनं बोलायचा मान त्यांचा. चहाला नको म्हणाले.

"इफोगा करावी लागेल," काका म्हणाले. "दुसरा रस्ता नाही."

मला ठाऊक होतं. उजाडायच्या आत मेलेल्याच्या अंगणात जाऊन मान खाली घालून बसायचं. अंगावर घराण्यातली सगळ्यात जुनी, केवड्याच्या पातीची रेशमासारखी चटई ओढून घ्यायची. समोर सरपण आणि चुलीचे दगड ठेवायचे. म्हणजे, आम्हाला भाजून खायचं असेल तर लाकडंही आम्हीच आणलीत, तुम्हाला तोशीस नको. मग घरातल्यांनी ठरवायचं. चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर काय करायचं हे त्यांच्या हातात.

"काका, चटईखाली तुम्ही बसाल ना?"

"मी बोलेन. बसायचं तू. मुलगा तुझा, पदवीही तुझी."

दोन वर्षांपूर्वी मला लेमाउतू ही घराण्याची पदवी मिळाली तेव्हा मी चार डुकरं कापली होती. नुसत्या नावानं पेलेनाटो होतो ते काय वाईट होतं?

जाताना काकांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी सावाई बेटावर एका माणसाचं डोकं चटईखालीच फोडलं होतं. हे सांगायची आज काही गरज नव्हती.


गुरुवार, ७ ऑगस्ट

दिवसभर चटया जमवल्या. फुआतिनोनं तिच्या आईची चटई पेटीतून काढली, जी लेकीच्या लग्नाला काढायची म्हणून ठेवली होती. मी म्हणालो, ही राहू दे, दुसरी देऊ. ती म्हणाली, "दुसरी दिली तर दुसरा मुलगा आहे का?"

दुपारी पालेपाचा फोन. आवाज दबका होता.

"दादा, शनिवारी सकाळी पुरणार आहेत. त्याआधी तुम्ही त्यांच्या दारात पाहिजे. पुरल्यानंतर आलात तर कुणी तोंड बघणार नाही."

"येतो."

"नक्की?"

"येतो म्हटलं ना."

मग तिनं फोन सामासोनीला दिला. तो म्हणाला, "बाबा, त्यांच्या डब्यातली भाकर मी खाल्लीये. फिलेमोनीकाकांच्या. पाळीला बरोबर बसायचो आम्ही." मी म्हणालो, घाबरू नकोस. हे सांगून मी लगेच फोन ठेवून दिला.

उद्या दुपारच्या विमानात जागा आहेत. भरपूर आहेत म्हणाला तिकिटवाला.

पण मी शांतपणे विचार केला. पालेपा म्हणाली शनिवार. तिचा शनिवार म्हणजे आमचा रविवार. उद्या, शुक्रवारी निघालो तर तिकडे गुरुवारी उतरणार. मग तो अख्खा शुक्रवार तिथं काय करायचं? पालेपाचं घर दोन खोल्यांचं, वर आमच्या चटया, आणि भाऊ तर कुंपणाशी उभे. उगाच त्यांच्या डोळ्यांवर येण्यात शहाणपण नाही. शनिवारी निघावं, तिकडे शुक्रवारी उतरावं, रात्र काढावी आणि त्यांच्या शनिवारी उजाडायच्या आत अंगणात बसावं. हिशेब अगदी चोख आहे.

फुआतिनोला पटलं नाही. "पालेपानं कुणाचा शनिवार सांगितला? तिचा की आपला?"

"ती तिथं वीस वर्षं राहते. तिच्याच घरचा वार सांगणार."

"तुमच्या वाढदिवसाला फोन करते तेव्हा? ती नेहमी आपला दिवस धरते. एकदाही चुकली नाही."

"वाढदिवस वेगळा आणि हे वेगळं."

"मग फोन करा आणि विचारा. एवढंच विचारा, कुणाचा शनिवार."

करतो म्हणालो. पण पालेपा आधीच एवढी घाबरलेली, तिला पुन्हा फोन करून कसले वार विचारायचे? आणि विचारलं तर ती म्हणणार, उद्याच या. बायका नेहमी आधीच घाई करतात.


शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज गेलो नाही. उद्याचं तिकीट काढलंय, काकांचंही.

दिवसभर वरच्या मळ्यात अळूत काम केलं. फोन घरी राहिला. खरं म्हणजे अळूला एवढ्यात काही करायचं नव्हतं, पण घरात बसवेना. फुआतिनो सगळ्या चटया घडी करून दाराशी ठेवून बसली होती, जणू मी आत्ताच निघणार.

दुपारी विमान डोक्यावरून गेलं. पोटाखालची चाकं दिसली. ते ढगात शिरेपर्यंत मी पाहत राहिलो. खोटं कशाला लिहू, हलकं वाटलं. लगेच वाटलं, त्या विमानात आज भावांचे आणखी कुणी नातेवाईक गेले असतील. मग परत घाम फुटला.

घरी आलो तर पालेपाचे बरेच फोन येऊन गेलेले. फुआतिनोनं उचलले नाहीत. म्हणाली, "तुमचा फोन आहे, तुम्ही बोला. मी काय सांगू तिला?" मी लावला तेव्हा लागला नाही.

जेवण गेलं नाही. चटईखाली श्वास घेता येतो का हे बघायला मी मघाशी एक साधी चटई डोक्यावर घेऊन बसलो होतो. येतो. पण काही दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात, आणि प्रत्येक आवाज आपल्याकडेच येतोय असं वाटतं.


शनिवार, ९ ऑगस्ट. फालेओलो विमानतळ

इथं माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात. आज सकाळी मी मनापासून जेवलो. उकडलेले अळूचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, वर डब्यातलं मांस. फुआतिनो वाढत होती आणि बघत होती. "कालपासून उपाशी होतात," ती म्हणाली, "आज बरी भूक लागली."

काट्यावरच्या पोरीनं मला तोललं, मग काकांना, मग चटयांचं गाठोडं. डोकं हलवलं. विमान भरलंय, एवढं वजन जाणार नाही, तिघांतलं एक मागे राहिलं पाहिजे. माझ्या मनात आलं ते मी इथंही लिहीत नाही.

काकांनी आपली पिशवी उचलली. "मी राहतो."

"काका, तुम्ही नसलात तर बोलणार कोण?"

"बोलायचं काय असतं त्यात? तू बैस म्हणजे झालं."

फुआतिनोनं निरोप देताना माझा सदरा सारखा केला आणि कानाशी म्हणाली, "त्याला घेऊन या."


शुक्रवार, ८ ऑगस्ट, दुसऱ्यांदा. पागो पागो

विमान खाली येताना डोंगराच्या बाजूनं असा एक हिसका बसला की शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा हात धरला, की मी त्याचा, आठवत नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती. असं वाटलं तेव्हा तरी.

पालेपा विमानतळावर उभी होती. तिनं मला मिठी मारली नाही.

"सकाळी पुरलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? फिलेमोनीला."

मी तिला हिशेब सांगायला लागलो. शनिवार, म्हणजे तुझा शनिवार, म्हणजे आमचा रविवार. ती ऐकत होती. "मी तुझा शनिवार सांगितला होता, दादा. मी कायम तुझाच वार सांगते. तुझा शनिवार म्हणजे माझा आजचा शुक्रवार. काल दुपारच्या विमानाला मी इथंच उभी होते. सगळे उतरेपर्यंत उभी होते."

मी म्हणालो, ही वारांची भानगड एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार. ती म्हणाली, "तसं बोलू नकोस. सामासोनी सापडत नाहीये."

पहाटे पाद्री उठला तर खोली रिकामी. चपला जागेवर, फोन उशाशी. पलंगावरची चादरही नाही. पाद्र्यानं पोलिसांना कळवलं, ते म्हणाले बघतो. पालेपा सगळीकडे हिंडली, फक्त त्या घराकडे गेली नाही. आज तिकडे जायची आमच्यापैकी कुणाची छाती होणार?

चादर कशाला नेली असेल? माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. माणसाला गुंडाळून न्यायचं असेल तर चादर लागते. हे मी पालेपाला बोललो नाही, पण तिच्याही मनात तेच आहे, कारण ती मघापासून धुतलेल्याच ताटल्या पुन्हा धुते आहे.

फुआतिनोचा फोन आला होता. उचलला नाही. तिकडे अजून शनिवार आहे, तिला अजून काही कळलेलं नाही, तेवढंच बरं.

माझा मुलगा मेला असेल तर मी उद्या कशासाठी बसायचं? आणि जिवंत असेल आणि मी बसलो नाही तर? पाद्री म्हणतो, पुरल्यानंतर इफोगा केलेली त्यानं ऐकलेली नाही, ती माफी आहे की अपमान हे तेच ठरवतील. सोबत येतो म्हणाला, फाटकापर्यंत.

मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. आईशप्पथ कधीच नाही.


शनिवार, ९ ऑगस्ट, दुसऱ्यांदा

संध्याकाळ व्हायला आली आहे. त्यांच्याच ओसरीवर बसून लिहितोय.

अंधारात गेलो. पाद्र्यानं फाटकाशी सरपण आणि दगड माझ्या हातात दिले आणि तो मागे सरकला. अंगणाच्या कडेला ताजी कबर होती, वर फुलं आणि ओल्या मातीचा वास. मी मधोमध बसलो, समोर लाकडं मांडली आणि फुआतिनोच्या आईची चटई डोक्यावरून ओढून घेतली.

कोंबडे आरवले. उजाडलं ते चटईच्या विणीतून कळलं. एक कुत्रं आलं आणि माझ्या गुडघ्याला हुंगून गेलं. घरातली माणसं उठली, कुणी खाकरलं, कुणी पाणी ओतलं, मग एकदम सगळं गप्प झालं. म्हणजे मी दिसलो होतो. जड पावलं आली. चटईच्या कडेखालून मला चार पाय दिसले, त्यांतले दोन माझ्या डोक्यापेक्षा मोठे असावेत. ते थांबले. मी डोळे मिटले, मान खांद्यात ओढली आणि देवाचं नाव घ्यायला गेलो तर मला आठवेना की मला काय मागायचं आहे. पाय निघून गेले.

मग धुराचा वास आला. ते चूल पेटवत होते, दगड तापवत होते. मला रडू फुटलं. आवाज येऊ नये म्हणून मी बोट चावलं. मी त्या क्षणी पळालो नाही ते धैर्यानं नव्हे, माझे पाय बधिर झाले होते.

ऊन चढलं. चटईखाली भट्टी झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुणीतरी चटईची कड धरली आणि उचलली.

काळ्या कपड्यातली एक बाई होती. माझ्या फुआतिनोच्या वयाची. "मी लुसिआ," ती म्हणाली. "फिलेमोनीची बायको. उठा, ऊन फार झालं."

मला उठता येईना. मी तसाच म्हणालो, "माझा मुलगा..."

"आत झोपलाय."

मला कळलंच नाही. ती माझ्यासमोर गवतावर बसली आणि सावकाश सांगायला लागली.

"काल पहाटे आला. अनवाणी. डोक्यावर चादर घेतलेली, फुलाफुलांची, पाद्र्याच्या घरची. सरपण म्हणून आमच्याच कुंपणाच्या चार काटक्या आणल्या होत्या. माझ्या धाकट्या दिरानं खांद्यावर एक काठी घातली त्याला. हलला नाही. दुसरी घालणार तेवढ्यात माझी सासू बाहेर गेली आणि तिनं चादर उचलली. मग तोच दीर त्याला हाताला धरून आत घेऊन आला. पेटी उचलायला एक खांदा कमी पडत होता, तिथं तो उभा राहिला."

"मला कुणी कळवलं नाही. पालेपालाही..."

"मी निरोप धाडणार होते. तो म्हणाला, नको. आत्याला एक दिवस त्रास होईल, पण बाबांना येऊ द्या. आधी कळलं तर ते विमानात बसणार नाहीत."

मी तिला सांगायला लागलो, की वाराचा घोळ झाला, की पालेपाचा शनिवार आणि माझा शनिवार. ती मान हलवत होती. "हो, होतो तसा घोळ," ती म्हणाली. "आमच्याही घरात होतो. माझी मावसबहीण परवा आली ना आपियाहून. म्हणत होती, विमान मोकळंच होतं, पाय पसरून बसले."

एवढंच बोलून ती उठली आणि चटया आत न्यायला तिनं माणसं बोलावली. त्यांनी चटया दोन्ही हातांनी घेतल्या, जशा घ्यायच्या असतात तशा. चूल जेवणासाठी पेटवली होती.

पालेपाला मी लगेच फोन केला. मग फुआतिनोला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांदा किती सुजलाय?" माझ्याबद्दल काही विचारलं नाही.

दुपारी जेवायला बसलो. दोन्ही भाऊ माझ्यासमोर होते. सामासोनी माझ्या शेजारी, उजवा खांदा काळानिळा, डाव्या हातानं जेवत होता. मला बघून तो उठला होता, वाकला होता आणि त्यानं माझ्या गालाला गाल लावला होता, लहानपणी लावायचा तसा. मोठ्या भावानं विचारलं, "तुम्ही काल पुरायच्या आधी का नाही आलात, लेमाउतू?" रागानं नाही, नुसतंच विचारलं. सगळे जेवायचे थांबले. लुसिआ खाली ताटाकडे बघत होती.

सामासोनी म्हणाला, "विमान भरलं होतं ना, बाबा?"

मी हो म्हणालो.

त्यानं आपल्या पानातला मोठा कंद उचलून माझ्या पानात ठेवला. सगळे परत जेवायला लागले. त्या भावांची भीती आता गेली. उद्याच्या विमानात मला आणि त्याला शेजारी शेजारी जागा दिली आहे, आणि ती पस्तीस मिनिटं मी त्याच्या बाजूला कसा बसणार याची मला भीती वाटते आहे.